अवैध नावाचं उदाहरण

पनवेलच्या ऑफिसात अंकिता मजकूर वाचून उलगडणारा पार्सर बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये चुकीचा मजकूर नाकारणारी तपासणी घालत होती. सोबतच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एखादं उदाहरण हवं, म्हणून तिने शेजारी बसणाऱ्या अदीबची टर उडवत लिहिलं, ‘अदीब: अवैध. नाकारला.’

“काढ ना ते,” अदीब ओशाळून म्हणाला. सगळे खिदळले. तिने ओळ तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याची खुर्चीच जागेवर नव्हती.

“कोण अदीब?” सगळ्यांनी विचारलं.

अंकिताने घाईघाईने ती ओळ पुसली आणि रोडपालीला त्याचं घर गाठलं. दार त्याच्या आईने उघडलं.

“आंटी, अदीब आहे?”

त्यांचा चेहरा पडला. “बेटी, आम्हाला औलादच झाली नाही. का दुखवतेस?”

आतून अदीबने हाक मारली, “अम्मी, कोण आलंय?”

त्यांना ती ऐकूच आली नाही.