धरायचं नाही

प्राध्यापक कॉलेजात यंत्रशास्त्र शिकवायचे, आणि घरी पंखा पुसायला शिडीवर चढले तरी त्यांचा तास काही संपायचा नाही. खाली बायको दोन्ही हातांनी शिडी धरून उभी. लग्न झाल्यापासून पंख्यावरच्या धुळीचा पहिला मान तिच्याच डोळ्यांचा.

त्या रविवारी लेक परीक्षेच्या धसक्याने शिडीपाशी आली. "बाबा, शिडीच्या गणितात किती ती बलं. सुरुवात कुठून करू?"

बाबांना तेवढंच हवं होतं. वरून फडकं झटकत ते म्हणाले, "मोमेंट, म्हणजे बल गुणिले अंतर, नेहमी पायथ्याभोवती घ्यायचे. पायथ्याशी जे काही असतं त्याचं अंतर शून्य, म्हणून मोमेंटही शून्य. ते गणितात धरायचंच नाही. धरायचा तो वर चढलेला माणूस."

"आणि आई खाली शिडी धरून उभी आहे, तिचं काय?"

"पायथ्याशीच आहे ना ती? मग शून्य. आपोआप बाद."

लेकीला गणित चुटकीसरशी कळलं. तिच्या आईलाही कळलं. तिने डोळ्यांतली धूळ पुसली आणि शांतपणे हात धुवायला निघून गेली. फरशी तेवढी नुकतीच पुसलेली होती.

संध्याकाळी प्राध्यापकांच्या पायाला प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, "खाली शिडी धरायला कोणी नव्हतं का?"



"होते की मी," बायको म्हणाली. "पण यांनी मला गणितात धरलं नाही, मग मीही शिडी धरली नाही."