बाळापूरहून कळमनुरीला

“खोटं बोलू नको,” ऐश्वर्या म्हणाली. “तू इथं आला होतास.”

डुकरांचा व्यापारी शिवशंकर आपल्या टेम्पोला पाठ लावून उभा होता. शर्टाची कॉलर फाटलेली, ओठ सुजलेला. वस्तीतल्या माणसांनी त्याला कळमनुरीच्या बाजारातून टेम्पोसकट धरून आणलं होतं आणि आणताना हात राखला नव्हता.

“मॅडम, लेकराची शपथ. दिवाळीपासून भिकामावशीच्या दारात पाय न्हाई ठेवला म्या.”

“मग रोग काय उडत आला?”

समोर ताज्या मातीचा ढिगारा होता, वर चुना पसरलेला. त्याखाली भिकाबाईची सगळी डुकरं होती. काही रोगानं मेलेली, उरलेली सकाळी सरकारी पथकानं मारलेली.

डॉक्टर ऐश्वर्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आफ्रिकन स्वाइन फीवरवर संशोधन करत होती. माणसाला या रोगाचं काही होत नाही, डुक्कर मात्र क्वचितच वाचतं. हाताशी ना औषध, ना लस. म्हणून रोग एका शेडातून दुसऱ्या शेडात कोणत्या वाटेनं जातो ते हुडकायचं आणि ती वाट बंद करायची, एवढाच तिचा अभ्यास होता. गावोगाव हिंडून, घसा कोरडा पडेस्तोवर ती सांगत होती. हॉटेलचं खरकटं घालू नका. व्यापाऱ्याला आत घेऊ नका. लोक माना डोलवायचे आणि तिची गाडी वळली की करायचं तेच करायचे. या बेफिकिरीचा तिला मनस्वी संताप होता.

तिचं ऐकलं ते एकट्या भिकाबाईनं. दारात चुना टाकला, खरकटं बंद केलं, सोयऱ्याधायऱ्यांनाही शेडापासून लांब ठेवलं. आणि नेमकी तिचीच डुकरं मातीत गेली. ऐश्वर्याच्या अंगाची लाहीलाही होत होती ती यामुळेच.

रोग पहिल्यांदा निघाला तो आखाडा बाळापूरला, पुंजाजीकडे. ऐश्वर्यानं तिथं रक्ताचे नमुने घेतले त्या दिवशी डुकरं मजेत चरत होती. तरी तिनं नियम मोडला नाही. बाहेर पडताच अंगावरचा पांढरा सूट जाळला, बूट औषधानं धुतले, गाडीची चाकं फवारली. पुंजाजीची बायको कौशल्याबाई मात्र शेडातून पदराला हात पुसत धावत आली. ऐश्वर्या म्हणजे तिच्या माहेरची, वसमतची लेक, त्यात सवाष्ण, दारातून तशीच कशी जाईल? तिनं ओंजळीनं ओटी भरली तेव्हा कुठं तिला सोडलं. त्याच दुपारी भिकाबाईकडे नमुने घेतानाही ऐश्वर्याच्या अंगात कोरा सूट होता, पायात कोरे बूट. माणसानं मनावर घेतलं तर रोगाला वाट मिळत नाही, हे तिला लोकांना दाखवूनच द्यायचं होतं.

पुढच्याच आठवड्यात पुंजाजीची डुकरं पडू लागली. मग भिकाबाईची. दोन्हीकडचा विषाणू प्रयोगशाळेत तपासला तर हुबेहूब एकच. म्हणजे बाळापूरचा रोग कोणीतरी कळमनुरीला आणून पोचवला होता, आणि त्या रस्त्यावर डुकरं भरून रोज जाणारा टेम्पो एकच होता.

“पुंजाजीकडे जात होतास की नाही?” तिनं शिवशंकरला विचारलं.

“व्हय, तिकडं जात व्हतो. पण हिकडं न्हाई.”

“मावशी, तुम्ही सांगा. हा आला होता ना?”

भिकाबाई ओट्यावर बसली होती. तिनं मान वर केली नाही.

“न्हाई आला.”

“मग बाहेरचं काय खाऊ घातलं डुकरांना?”

भिकाबाईनं पदर तोंडाशी नेला.

“काई न्हाई,” ती पदराआडून म्हणाली.

पदराआडचं ते उत्तर ऐश्वर्याला पुरेसं होतं. ही बाई कोणाला तरी पाठीशी घालत होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ज्यानं हिचं वाटोळं केलं त्याच्यावरच हिची माया! आता तिला भिकाबाईचाही राग आला. असल्या भिडेपायीच जिल्ह्यातली डुकरं संपणार होती.

“आणलाय यानंच,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “पोलिसांना बोलवा. मी सांगते त्यांना.”

तिच्या त्या शब्दाचीच जणू वस्ती वाट पाहत होती. पहिला दगड टेम्पोच्या काचेवर बसला. दुसरा शिवशंकरच्या खांद्याला लागला. तो दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसला. एकानं कुंपणाचा बांबू उपसला.

थांबा म्हणावं असं ऐश्वर्याला वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटत होतं.

“थांबा रे!” भिकाबाई ओट्यावरून उठली. “त्याला हात लावू नका. माझी डुकरं गेली ना? मग मी सांगते, सोडा त्याला.”

बांबूवाला जागीच थबकला. भिकाबाई शिवशंकरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

“काय चाललंय हे, मावशी?” ऐश्वर्याचा आवाज चढला. “एवढं सगळं गेलं तरी खरं तोंडातून निघत नाही? कोणाला वाचवताय तुम्ही?”

भिकाबाई तिच्याजवळ आली. तिचा दंड धरून तिनं तिला बाजूला घेतलं आणि कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलली.

“तुमालाच, ताई. बाळापूरच्या ओटीतले गहू त्या दिशी तुमी मला देऊन गेल्या व्हत्या, अन् गाभण मादी सुखरूप सुटावी म्हणून म्या ते तिला चारले.”