मोठी चाकं

डिकीचं झाकण तिसऱ्यांदा खाली आपटलं आणि तिसऱ्यांदा परत वर आलं. मिटलेल्या खुर्चीचं एक चाक हट्टी मुलाच्या पायासारखं बाहेरच राहिलं होतं.

व्हीलचेअरच्या दुकानात बाकावर बसून टेलरबाई काचेतून बघत होती. गल्लीने तिला हे नाव दिलं त्याला तीस वर्षं झाली होती. पाय लुळे पडून दोन वर्षं झाली तरी नाव तेच राहिलं होतं. काल संध्याकाळी मुलाने तिचीच टेप नेऊन डिकी मोजली होती. लांबी, रुंदी, उंची, सगळं कागदावर लिहून आणलं होतं.

तो घाम पुसत आत आला. "आत जागा आहे गं. बरोबर मोजलं होतं मी."

"छाती मोजलीस," ती म्हणाली, "गळा राहिला. डोकं कुठून घालणार?"

दुकानवालीला हसू आवरेना. मुलालाही हसू आलं, पण त्याने ते गिळलं.

"मग ही घ्या," दुकानवालीने दुसरी खुर्ची पुढे ओढली. चारही चाकं बशीएवढी. पाठ पुढे पाडली, बैठक वर ओढली, की पिशवीसारखी हातात. "नऊ किलो. कुठल्याही डिकीत जाते. फक्त ही ढकलायची खुर्ची आहे हं, मावशी. मघाची मोठ्या चाकांची होती, ती आपली आपण चालवायची."

मुलाने ती एका हाताने उचलली आणि त्याचा चेहरा खुलला. दोन वर्षं तो आईला उचलून गाडीत ठेवत होता, उचलून बाहेर काढत होता. कंबरेला पट्टा लागला तरी एका शब्दाने कुरकुरला नव्हता. म्हणून तर तिला बोलायला अवघड जात होतं.

"मला मोठी चाकं हवीत," ती म्हणाली.

"कशाला? मी आहे ना ढकलायला."

"आहेस की. खिडकीपाशी न्यायला आहेस, खिडकीपासून आणायला आहेस."

"मग कुठे जायचंय तुला एकटीला?"

टेलरबाईने विचार केला. खरं तर कुठेच नाही. "बटणांच्या दुकानापर्यंत," ती म्हणाली.

"अगं, बटणं मी आणून देतो की!"

"देतोस. पांढरी सांगितली की पांढरी आणतोस."

यात आपलं काय चुकलं, ते त्याला कळलं नाही. तिने सांगितलंही नाही. पांढऱ्यात सतरा प्रकार असतात. ते एकेक करून तळहातावर घ्यायचे, दुकानाबाहेर उजेडात यायचं, कापडाच्या तुकड्यावर ठेवून बघायचे, परत आत जायचं. दुकानदार म्हणायचा, "बाई, लग्न जमवताय की बटण?" अर्धा तास जायचा. हे सगळं कुणाला पुडीत बांधून आणता येणार होतं?

दुकानवालीने दोघांकडे पाहिलं आणि मागच्या रांगेतून तिसरी खुर्ची काढली. तिची चाकंही मोठीच होती. एका चाकाच्या मध्यावरची कळ तिने दाबली, आणि अख्खं चाक जात्याच्या वरच्या दगडासारखं अलगद हातात आलं. मग दुसरं. उरलेला सांगाडा मिटवून मुलाने डिकीत ठेवून पाहिला. बसला. झाकणही लागलं.

"चाकं मागच्या सीटवर टाकायची," दुकानवाली म्हणाली.

"म्हणजे दर वेळी दोन चाकं काढा, दोन लावा?" मुलाने सांगाडा परत आणला. "रस्त्यातला चिखल सीटवर. घाई असली म्हणजे? पावसात? आणि कळ नीट बसली नाही तर?"

"मावशी, आधी बसून तर बघा." दुकानवालीने चाकं चढवली, दोन्ही ओढून बघितली आणि ब्रेक लावले. मुलाने आईला बाकावरून उचलून खुर्चीत ठेवलं, तिची पावलं हाताने खालच्या पाय ठेवायच्या पट्टीवर सरळ केली, आणि पुन्हा छोट्या चाकांच्या खुर्चीकडे वळला. "हिचं वजन नक्की नऊच ना? आणि पाठीचं कापड धुता येतं?"

दोघांचं बोलणं चालू राहिलं. टेलरबाईने ब्रेक सोडले.

चाकांच्या बाहेरच्या कड्या गार होत्या. बोटांना त्यांची ओळख पटायला वेळ लागला नाही. शिवणयंत्राचं चाक तिने जन्मभर याच हातांनी फिरवलं होतं. एक वळसा. कुबड्यांची रांग मागे गेली. दुसरा वळसा. दारातून कुणी गिऱ्हाईक आत येत होतं, त्याने दार धरून ठेवलं. पुढे उतार होता. अशा दुकानांना असतोच.

उतारावर हात जरा चुकले, आणि ती फुटपाथवर आली.

उजवीकडे चष्म्याचं दुकान. मग कुलपांचं. त्याच्यापुढे काय आहे ते इथून दिसत नव्हतं. तिने कड्या पुढे लोटल्या. खांदे दुखायला लागले होते. उन्हात तिच्या हातावरची शीर न् शीर दिसत होती.

"आई! अगं, आई! थांब!"

पावलांचा आवाज मागून धावत येत होता.

थांब. दोन वर्षांत हा शब्द तिच्यासाठी वापरायची वेळ कुणावर आली नव्हती.

ऐकू तर स्वच्छ आलं होतं. पण त्याने आणखी एकदा म्हणावं, म्हणून तिने कड्यांना जोर दिला.