रस्ता निवेपर्यंत

साहेब फाटकात बसला तो बसलाच. मामाने साखळी ओढली तसा गळ्यातला पट्टा कानांपर्यंत वर सरकला, पण साहेब जागचा हलला नाही.

गाडी समोरच, रस्त्याच्या पलीकडे उभी होती. मधे फक्त डांबरी रस्ता, भर दुपारच्या उन्हात ओला असल्यासारखा चकाकणारा.

"भाऊजींनी डोक्यावर बसवून ठेवलाय याला," घाम पुसत मामा म्हणाला. "कुत्र्याचं नाव साहेब ठेवल्यावर दुसरं काय होणार!"

कोणी हसलं नाही. मुलीने त्याच्या हातून साखळी घेतली. रस्त्यावर उतरून ती वाकली आणि मांडीवर थाप मारली. "चल रे साहेबा. चल, शहाणा ना तू?"

साहेबाने तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तो तिच्या बुटांकडे बघत होता.

"बुटातल्या माणसाचं तो ऐकत नाही," पायरीवरून आई म्हणाली.

ती सावकाश खाली आली. तिच्या पायांत बाबांच्या चपला होत्या, टाचांच्या मागे चांगली दोन बोटं उरणाऱ्या. एक हात फाटकावर ठेवून तिने उजवी चप्पल काढली आणि उघडा तळवा रस्त्यावर टेकवला. लगेच उचलला.

"तापलाय," ती म्हणाली. ती साहेबाशी बोलत होती.

साहेब उठला, वळला आणि जिन्याखालच्या सावलीत जाऊन फरशीवर पोट टेकून पसरला.

"हे काय नवीन?" मामाने विचारलं.

"नवीन कुठलं? हे रोज बघायचे. आपला तळवा टिकला तरच त्याला बाहेर काढायचा. नाहीतर दोघंही परत आत."

"रस्त्याच्या कामावरची मुकादमकी घरीही सोडली नाही म्हणायची भाऊजींनी," मामा म्हणाला आणि मग उगाच गाडीच्या किल्ल्या चाचपत राहिला.

घरात पंख्याखाली बसून त्याने दोन पेले पाणी एका दमात प्यायलं. आई समोर बसली. तिच्या मांडीवर साहेबाच्या अंथरुणाची घडी होती. ती घडी मोडून पुन्हा घालत होती.

"तुझ्या गोदामात सावली आहे ना रे?"

"एवढं मोठं छप्पर आहे, ताई. पत्र्याचं."

"पत्र्याचं," आई म्हणाली. "आणि पाणी?"

"बाहेरच नळ आहे की."

"उन्हातला नळ. आधीचं गरम पाणी वाहून जाऊ द्यायचं, मग भांडं भरायचं. आणि भांडं उन्हात ठेवायचं नाही. कोण करणार हे?"

"राखणदार आहे. त्याला सांगतो."

"नीट सांग. म्हातारा झालाय साहेब. तहान लागली तरी उठून जात नाही, भांडं तोंडाशी न्यावं लागतं."

मामाने पेला खाली ठेवला. "ताई, मी मागायला आलो होतो का? तूच फोन केलास. आता माझ्या एकटीच्याने होत नाही म्हणालीस."

"हो. मीच केला."

मुलगी खिडकीशी उभी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"संध्याकाळी ने," आई म्हणाली. "रस्ता निवला की."

संध्याकाळी ऊन समोरच्या गच्चीवर चढून गेलं आणि वारा सुटला. मुलीने अंथरूण आणि साहेबाचं वाडगं उचललं आणि ती गाडीकडे निघाली. अर्ध्या रस्त्यात तिच्या लक्षात आलं, आपण अनवाणीच आलो. रस्ता निवला होता. घरातल्या फरशीसारखा तळव्याला गार लागत होता.

मागे फाटक वाजलं. आई आली होती, आणि तिच्याबरोबर साहेब. मामा साखळीचा गुंता सोडवत बाजूला उभा राहिला.

आईने हात फाटकावर ठेवला. उजवी चप्पल काढली. तळवा रस्त्यावर टेकवला.

या वेळी ती खूप वेळ तशीच उभी राहिली. साहेबाची नजर तिच्या पावलावर खिळली होती. त्याची शेपटी हळूच एकदा हलली.

आईने झटक्यात पाय उचलला.

"अजून तापलाय."

साहेब वळला आणि आत चालायला लागला.

मामाने आईकडे पाहिलं, मग मुलीकडे. ती वाडगं घेऊन रस्त्याच्या मधोमध अनवाणी उभी होती.

"काय गं? तापलाय?"

आई खाली मान घालून पायाने चप्पल शोधत होती. चप्पल तिथेच होती, पण तिला सापडत नव्हती.

"हो मामा," मुलगी म्हणाली. "डांबर ऊन लवकर सोडत नाही. बाबा म्हणायचे."

मामा फाटकाच्या कट्ट्यावर बसला. त्याने उजव्या बुटाची नाडी सोडली. मोजा काढून घडी करून बुटात ठेवला आणि आपलं गोरं, मऊ पाऊल रस्त्यावर टेकवलं.

"असेच उभे राहायचे भाऊजी?"

"रोज," आई म्हणाली. "एक हात फाटकावर."

मामाने मान हलवली. वाऱ्याने उडत एक वाळलेलं पान त्याच्या पावलापाशी येऊन थांबलं.

"चांगलाच चटका बसतोय, ताई," तो म्हणाला आणि पाय तसाच रस्त्यावर ठेवून बसून राहिला.