टेपचं दुसरं टोक

सर भौतिकशास्त्र शिकवायचे, आणि सुतार त्यांचाच जुना, दोनदा नापास झालेला विद्यार्थी. पॅसेजमध्ये पुस्तकांचं कपाट करायचं होतं. सरांनी दाराशी टेपचं टोक धरलं. शेजारी त्यांची मुलगी, हनुवटीवर ठसठशीत तीळ असलेली, शाळेच्या बुटांची नाडी बांधत होती.

"काळसुद्धा लांबीसारखाच असतो रे," सर म्हणाले. "सगळा आधीच पसरलेला. आपणच त्यातून चालत जातो."

"हे तेव्हाही डोक्यावरून गेलं होतं, सर," म्हणत सुतार हसत हसत टेप उलगडत निघाला.

अठरा फुटांवर भिंत लागली. इथल्या खिडकीत संध्याकाळ होती. दाराशी मात्र सकाळचं ऊन तसंच होतं. आणि भिंतीला कपाट उभं होतं, त्याच्याच हातचं, पुस्तकांच्या भारानं फळ्या वाकलेलं.

कपाटापाशी पांढऱ्या केसांची एक बाई उभी होती. तिच्या हनुवटीवर तोच तीळ होता.

"काका, टेप सोडू नका हं," ती कुजबुजली. "ती ताणलेली असते तोवरच बाबा दिसतात."

सुतारानं टेप घट्ट धरली.

तेवढ्यात दाराकडून सरांचा प्रसन्न आवाज आला, "झालं ना माप? सोडतो रे मी."