पाहणीची वही

मागास भागातल्या छोट्या धंद्यात पैसे गुंतवले, की सरकार करात सवलत द्यायचं. अट एकच होती: गुंतवणूकदाराने दर महिन्याला स्वतः येऊन पाहणीच्या वहीत सही करायची. म्हणून दादा पाच वर्षं शहरातून बहिणीच्या पंखे-मोटर दुरुस्तीच्या दुकानात येत होता. त्याआधीच्या पाच वर्षांत तो दोनदा आला होता, त्यातही एकदा पुढच्या गावची बस चुकली म्हणून.

या महिन्यात नवी यादी लागली. भाग सुधारला होता, त्यामुळे सवलत संपली.

"तुझ्यामुळेच झालं हे," दादा फोनवर म्हणाला. "एवढं नेटाने दुकान चालवायची काय गरज होती?"

ती हसली खरी, पण फोन ठेवल्यावर तिने वही कपाटात टाकली. आता तो कशाला येतोय?

रविवारी दादा दारात उभा होता. काखेत टेबलफॅन.

"अचानक बंद पडला गं. जळला असेल."

तिने मागचं झाकण उघडलं. जळका वास नव्हता, काजळीही नव्हती. आतली तार मधोमध सरळ तुटलेली होती, कात्रीने कापावी तशी. तिने वर पाहिलं. दादा भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्ष देऊन वाचत होता.

"शहरात कुणी दुरुस्त करत नाही का रे?"

"तिथे लुटतात."

तिने झाकण परत बसवलं आणि कपाटातून वही काढली.

"काम किचकट आहे, दादा. पाच वर्षं तरी लागतील. दर महिन्याला येऊन बघून जावं लागेल."