चुलीचं तोंड

बार पेटवायची टोपी फट् करून फुटली आणि बंदूक गप्प राहिली.

रावजीने घोडा पुन्हा ओढला, नवी टोपी बसवली, नळी आभाळाकडे धरून चाप दाबला. पुन्हा नुसतं फट्. शिवेवर आपट्याची पानं लुटायला जमलेला सारा गाव कानात बोटं घालून उभा होता. हळूहळू एकेकाची बोटं निघाली. रावजीच्या बंदुकीचा बार झाल्याशिवाय दसऱ्याचं सोनं लुटायचं नाही, हा मान रावजीने दोन वर्षांपूर्वी स्वतःच स्वतःला देऊन टाकला होता आणि गावाने तो हसत चालवून घेतला होता.

"बंदुकीनं बी नवरात्राचा उपास धरला हाय जणू," गर्दीतला चन्नवीर म्हणाला. लोक हसले आणि बाराची वाट न बघता आपट्यावर तुटून पडले.

रावजी मान खाली घालून घरी निघाला. त्याची वस्ती होटगीच्या वाटेवर, शिवारात एकटी. शेजारच्या वस्तीवर दरोडा पडला तेव्हा त्याने सोलापूरच्या कचेरीत खेटे घालून ही ठासणीची बंदूक आणि तिचा सरकारी परवाना मिळवला होता. तेव्हापासून तो ढाराढूर झोपत असे. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी विचारायच्या आधी तो घरातल्या बंदुकीची गोष्ट सांगे.

दारातून धूर बाहेर येत होता. गुढीपाडव्याला त्याच्या बायकोने, सोजरबाईने, बरी चाललेली चूल मोडून दुसऱ्या तोंडाची घातली होती आणि तेव्हापासून घर धुराने भरायचं. रावजी त्यावरून कितीदा तरी करवादला होता. वारा त्या अंगाने येतो, एवढंच ती म्हणायची.

आताही ती ओवाळायचं तबक घेऊन उंबऱ्यात उभी होती. रावजी तिच्याकडे न बघता ओसरीवर बसला. त्याने खांद्याचं, बंदुकीची दारू ठेवायचं शिंग काढलं आणि त्यातली चिमूटभर दारू तळहातावर ओतली. बंदुकीची दारू बोटांना खरखरीत लागते. ही पिठासारखी मऊ होती आणि काजळासारखी बोटांना चिकटत होती.

शेतकऱ्याला ती ओळखायला किती वेळ लागणार? जोंधळ्यावरची काणी होती ती. कणसात दाण्याच्या जागी भरते ती काळी भुकटी. माघात असली रोगट कणसं रावजीने स्वतः खुडून सोजरबाईकडे जाळायला दिली होती.

घरात माणसं दोनच. तेव्हा हे कुणी केलं, हे विचारायची गरज नव्हती.  जिच्या भरवशावर सारं घर टाकून तो बाजाराला जात होता, तिनेच त्याला रिकाम्या बंदुकीखाली झोपवलं होतं. यापेक्षा चोर परवडला, तो निदान परका असतो, असं त्याला वाटून गेलं.

"खरी दारू कुटं हाय?" त्याने विचारलं.

"उकिरड्यात," सोजरबाई म्हणाली. तिने आढेवेढे घेतले नाहीत. "वर शेण लोटलं."

"कवा?"

"शिमगा झाल्यावर."

शिमगा म्हटल्यावर रावजीला आठवलं. पाहुणे जेवायला बसले होते. सोजरबाई चुलीपुढे भाकरी थापत होती, तिची पाठ सगळ्यांकडे होती. त्याने तिच्या मागच्या खुंटीवरची बंदूक काढून नळी तिच्या पाठीला टेकवली होती आणि भाकरी करपली तर बघ, असा दम दिला होता. पाहुणे पोट धरधरून हसले होते. तीही हसली होती, अशी त्याची समजूत होती.

"आगं, थट्टा व्हती ती," तो म्हणाला.

"ते तुमाला म्हाईत व्हतं. मला न्हवतं."

रावजीने तळहातावरची काणी धोतराला पुसली.  तो म्हणाला, "दगा केलास सोजर. आन् दरोडा पडला असता तर?"

सोजरबाईने तबक खाली ठेवलं.

"दरोडेखोर आला तर एक दिस येनार," ती म्हणाली. "तुमी रोज घरात असता."

एवढं बोलून ती चरवी घेऊन गोठ्याकडे गेली. धारा काढायची वेळ झाली होती. तबकातलं निरांजन ओसरीवर तसंच जळत राहिलं.

तिच्यामागे जाऊन चार शब्द सुनवावेत असं रावजीला वाटत होतं. पण बंदूक तशीच हातात घेऊन तो आत गेला. चिलमीसाठी विस्तव घ्यावा म्हणून चुलीपुढे सोजरबाईच्या पाटावर बसला. या पाटावर तो कधी बसलाच नव्हता. निखारा ओढायला तो वाकला तसा धूर सरळ डोळ्यांत गेला. डोळ्यांना पाणी सुटलं. रोज दोन्ही वेळच्या भाकरी ती या धुरात कशी थापत असेल, असं मनाशी म्हणत त्याने डोळे पुसले आणि मान वर केली.

तिथून ओसरी दिसत नव्हती, दार दिसत नव्हतं. समोर फक्त बंदुकीची खुंटी होती.